जाडेंभरडें आणि टिकाऊ

कापडाच्या दुकानांत गिऱ्हाईक बैठकीवर टेकलें कीं त्याचा अंगठा आणि तर्जनी आपोआप कामाला लागतात. थानाचा पदर चिमटींत धरावा, किंचित् चोळावा, आणि "यापेक्षां जाड नाहीं का?" असें विचारावें, हा नगरच्या कापड बाजारांतील जुना शिरस्ता. मध्यंतरीं कृत्रिम धाग्यांचा सुकाळ झाला तेव्हां तो थोडा मागें पडला. पण अलीकडे तरुण मंडळींनीं त्याचें पुनरुज्जीवन केलें आहे. फरक इतकाच कीं ते चिमटीबरोबर आंकडाहि मागतात. सदऱ्याचें कापड चौरस मीटरला किती ग्रॅम आणि तुमानीचें चौरस यार्डाला किती औंस, हें कळल्याशिवाय त्यांचें समाधान होत नाहीं. १४ औंसांची डेनिम, म्हणजे चौरस मीटरला सुमारें ४७५ ग्रॅम, अंगावर घालून भर वैशाखांत हिंडणारा तरुण पाहिला म्हणजे त्याच्या निष्ठेचें कौतुक करावें कीं प्रकृतीची काळजी करावी, हें आम्हांस उमगत नाहीं.

तथापि त्याच्या मागणीच्या मुळाशीं जो प्रश्न आहे तो हंसण्यावारीं नेण्यासारखा नाहीं. जाड तें टिकाऊ आणि टिकाऊ तें चांगलें, ही दोन पायऱ्यांची शिडी गिऱ्हाईक एका दमांत चढतें; परंतु त्या पायऱ्या भक्कम आहेत कीं नाहींत, हें कोणी तपासून पाहत नाहीं. ज्या कुणब्याला वर्षभर एका धोतरजोडीवर आणि एका घोंगड्यावर भागवावें लागे, त्याच्या घरीं कापडाचें आयुष्य हा चैनीचा विषय नव्हता. फसव्या थानाला दिलेला रुपया परत येत नसे, आणि पुढच्या सुगीपर्यंत दुसरा रुपयाहि येत नसे. म्हणून या जिल्ह्याच्या इतिहासांत जाडीनें केव्हां खरें सांगितलें आणि केव्हां खोटें, याचा थोडा शोध घ्यावा असें आम्हीं योजिलें आहे. (जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, मागील काळाविषयीं बोलतांना आम्ही जुनेंच नांव वापरीत आहों.)

आपल्या भाषेनें या बाबतींत एक गंमत करून ठेविली आहे. 'जाडेंभरडें' हा शब्द निंदेचा. भरडलेल्या, पुरतें न दळलेल्या धान्यावरून तो आला आहे. 'तलम' हा शब्द स्तुतीचा. बायकांच्या वस्त्राला तर आपण 'पातळ' हेंच नांव देऊन टाकिलें. पण कापड जुनें झालें म्हणजे तें 'विरतें' असें आपण म्हणतों, म्हणजे पातळ होत होत संपतें. याचा अर्थ असा कीं, शोभा पाहतांना मराठी मनाला पातळपणा हवा असतो आणि आयुष्य मोजतांना जाडी हवी असते. घरांतील एकच बाई स्वतःसाठीं तलम वस्त्र निवडते आणि धन्यासाठीं 'दमदार' कापड मागते, यांत तिला विसंगति वाटत नाहीं. आणि आमच्या मतें ती नाहींहि.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, दख्खनच्या पठारावरील जुनें कापड जाड होतें तें कोणाच्या आवडीमुळें नव्हे. येथें पिकणाऱ्या देशी कापसाचा तंतु आखूड. सुताच्या बारकाईचें जें माप गिरण्यांनीं रूढ केलें तें असें: ८४० यार्डांची एक लड; अशा जितक्या लडी एक पौंड सुतांत भरतील तितका त्या सुताचा नंबर. २० नंबरचें पौंडभर सूत १६,८०० यार्ड, म्हणजे सुमारें साडेनऊ मैल लांब. ८० नंबरचें त्याच्या चौपट. नंबर वाढला कीं सूत बारीक होतें, हें उलटें गणित नवख्यास थोडें चकवितें. आतां सूत म्हणजे पीळ देऊन एकमेकांत गुंतविलेले तंतु. तंतु लांब असला तर थोडेसे तंतु एकमेकांस घट्ट धरून ठेवितात. आखूड असला तर ते सुटून येतात. आखूड तंतूचें बारीक सूत मागावर चढण्याच्या आधींच तुटतें. यास्तव कांतणारी शहाणी बाई आपलें सूत जाड ठेवी. ती जाडी म्हणजे दुबळ्या तंतूची केलेली प्रामाणिक भरपाई होती. गिऱ्हाईकास त्यांत फसवणूक नव्हती आणि फुशारकीहि नव्हती.

अशा कापडांत हलक्या मोलाचें जें एक, त्याचें नांव गजी. या गजीचा नगराशीं एक विलक्षण संबंध आहे. औरंगजेब बादशहा १७०७ सालच्या मार्च महिन्याच्या ३ तारखेस नगरजवळ वारला. त्याच्या नांवावर जें मृत्युपत्र सांगितलें जातें त्यांत असें आहे कीं, त्यानें स्वतः टोप्या शिवून मिळविलेले ४ रुपये २ आणे त्याच्या कफनाला खर्चावे, आणि तिरडीवर पांढरी जाडीभरडी गजी पसरावी. तें मृत्युपत्र अक्षरशः त्याचेंच कीं नाहीं, यावर विद्वानांनीं वाद घालावा. आमच्या विषयाला त्यांतील एक गोष्ट पुरेशी आहे. ज्याच्या दरबारांत ढाक्याची मलमल येत होती, त्याला शेवटीं नम्रतेची खूण म्हणून जें कापड सुचलें तें जाड होतें. म्हणजे त्या काळीं जाडी ही गरिबीची खूण होती, गुणाची नव्हे. आज जो तरुण जाड कापडासाठीं दुप्पट दाम मोजतो तो गजीचा हा इतिहास विसरला आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

पण जाडीचा खरा राजा कापसाचा नाहीं, लोकरीचा आहे. पारनेर, संगमनेर, कर्जत, जामखेड या बाजूंस मेंढपाळ धनगरांची वस्ती पूर्वापार आहे. हा सह्याद्रीच्या पावसाची पाठ लागलेला मुलूख. येथें गवत आखूड आणि झरे अल्पायुषी. दसरा-दिवाळी उरकली कीं कित्येक वाडे मेंढरें घेऊन कोंकणाकडे उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात. त्यांची दख्खनी मेंढी उन्हाला, चालीला आणि उपासाला सोसणारी. तिची लोकर मात्र काळी, भरड आणि केसाळ. वर्षांतून दोनदां कातरणी होते. लोकर धनुकलीनें पिंजतात, बायका तिचें सूत काढतात, आणि सणगर किंवा खुटेकर धनगर तें खड्ड्याच्या मागावर विणतो. मागावर चढण्यापूर्वीं ताण्याची पांजणी होते. तिला चिंचोक्याची खळ लागते: चिंचोके भिजवावे, वाटावे, शिजवून त्यांचा चिकट रांधा करावा आणि तो कुंच्यानें उभ्या धाग्यांवर चढवावा. त्यामुळें नवें घोंगडें फळीसारखें ताठ असतें आणि अंगाला बोचतें. तें माणसाळण्यास एखादा पावसाळा जावा लागतो.

हें वस्त्र म्हणावें कीं घर म्हणावें, असा प्रश्न पडतो. पावसांत त्याची खोळ करून डोक्यावर घ्यावी, थंडींत तें पांघरावें, दुपारीं झाडाखालीं अंथरावें, वेळीं त्यांत कोंकरूं गुंडाळून आणावें. गांवकीचा निवाडा करणारे पंच बसत ते घोंगड्यावर, आणि आजहि निवडणुकीच्या दिवसांत गांवोगांव ज्या छोट्या बैठका होतात त्यांना 'घोंगडी बैठका' म्हणतात. लोकरीचा एक गुण असा कीं, ती आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा पोटांत घेते आणि तरीहि हाताला ओली लागत नाहीं. म्हणून पावसाच्या झिमझिमींत घोंगड्याखालचा मनुष्य बराच वेळ कोरडा व उबदार राहतो. याची दुसरी बाजू अर्थातच अशी कीं, एकदां तें पुरतें भिजलें म्हणजे वाळतां वाळत नाहीं. 'भिजत घोंगडें' हा वाक्प्रचार ज्यानें प्रथम वापरला त्याला हा अनुभव चांगलाच आलेला असला पाहिजे.

आतां जाडीच्या पुरस्कर्त्यांनीं एका गोष्टीकडे लक्ष द्यावें. घोंगड्यांच्या व्यापारांत सर्वांत मोलाचें घोंगडें सर्वांत जाड नसतें. कोंकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीला 'जावळ' म्हणतात. मुलाच्या पहिल्या केसांना आपण जें नांव देतों तेंच. हे केंस मऊ व बारीक असतात, त्यांचें सूत बारीक निघतें, वीण दाट बसते, आणि घोंगडें हलकें व मऊ होतें. जावळाच्या घोंगड्याला नेहमींच्या घोंगड्यापेक्षां अधिक दाम पडतो. म्हणजे ज्यांचा सारा जन्म जाड वस्त्र विणण्यांत आणि वापरण्यांत गेला त्या लोकांनींच, निवड करण्याची संधि आली तेव्हां, बारकाई निवडली. जाडी त्यांना मेंढीनें दिली. किंमत त्यांनीं केली ती केंसाची आणि विणीची.

येथें सहज आठवलें म्हणून सांगतों. याच जिल्ह्यांतील जामखेड तालुक्यांत चौंडी या गांवीं, धनगर कुळांत, १७२५ सालीं अहिल्याबाईंचा जन्म झाला. घोंगड्यांच्या मुलखांत जन्मलेल्या या बाईंनीं पुढें नर्मदातीरीं महेश्वरास आपली राजधानी केली आणि तेथील विणकरांस आश्रय दिला. महेश्वरीचें तलम वस्त्र आज देशभर ओळखलें जातें. जाड आणि तलम या दोन वस्त्रांत हाडवैर असतें असें मानणाऱ्यांनीं या चरित्राकडे पाहावें.

इथवर जाडी खरें बोलत आली. ती खोटें बोलूं लागली तो काळ बराच निश्चित सांगतां येतो, आणि त्याचें कारण सात समुद्रांपलीकडील एक युद्ध आहे. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी सुरू झाली. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें अडविलीं. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. आणि मुंबईच्या बाजारांत कापसाचे भाव कडाडले. या तेजींत दख्खनच्या शेतकऱ्याची पत वाढली, सावकार हात सैल सोडून कर्ज देऊं लागले. १८६५ सालीं युद्ध संपलें, भाव कोसळले, कर्ज मात्र राहिलें. त्यांतच सरकारनें सारा वाढविला. पुढें १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें दंगा पेटला आणि नगर जिल्ह्यांत पारनेर, श्रीगोंदें या बाजूंस पसरला. सावकारांचे कर्जरोखे जाळण्यांत आले. इतकी कथा शाळेंत शिकलेल्या प्रत्येकास ठाऊक असते. त्याच युद्धाचा जो दुसरा परिणाम शेतकऱ्याच्या अंगावर चढला, त्याची वाच्यता मात्र क्वचितच होते.

अमेरिकेचा लांब तंतूचा कापूस बंद झाल्यावर लँकेशायरच्या विणकरांस आपल्याकडील आखूड तंतूच्या कापसावर काम भागवावें लागलें. ते त्याला 'सुरत' म्हणत आणि त्याच्या नांवानें बोटें मोडीत. त्याचें सूत मागावर वारंवार तुटे; म्हणून ताण्याला अधिक खळ चढविणें भाग पडे. खळींत पूर्वीं पीठ आणि चरबी असे. क्रिमियाच्या युद्धांत रशियाची चरबी महागली तेव्हांपासूनच तींत चिनी माती मिसळण्याची युक्ति निघाली होती. आतां कापूसच सोन्याच्या भावाचा झाल्यावर या युक्तीचें शास्त्र बनलें. मातीनें सुतांमधील फटी बुजतात, थान भरीव दिसतें, हाताला जाड लागतें आणि तराजूंत जड भरतें. कारखानदारानें कापसाचा एक भाग काढून त्या जागीं माती घातली कीं नफा निश्चित. युद्ध संपलें, कापूस स्वस्त झाला, पण माती गेली नाहीं. उलट पुढील वर्षांत ती वाढली, आणि कांहीं थानांत ती जवळजवळ सुताच्या वजनाइतकी भरूं लागली. ही खळ सुकून झडूं नये म्हणून तींत ओलावा धरणारे क्षार घालीत, आणि त्या ओलाव्यानें जहाजांतच कापडावर बुरशी चढे. हिंदुस्थान व चीन येथील व्यापाऱ्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. इंग्लंडांतहि टॉडमॉर्डन येथील विणकऱ्यांनीं मागावर उडणाऱ्या या धुळीनें छाती भरते असें गाऱ्हाणें केलें, तेव्हां १८७२ सालीं डॉ. ब्यूकॅनन यांची चौकशी झाली. विणणाऱ्यानें जी माती श्वासाबरोबर घेतली तिचेंच मोल नेसणाऱ्यानें रोख मोजलें, असा हा व्यवहार. मुंबईच्या गिरण्यांनींहि पुढें ही विद्या संपादन केली. याबाबतींत स्वदेशी-परदेशी असा भेद करण्यास आम्हांस जागा दिसत नाहीं.

१८७८ सालीं धोंड-मनमाड हा लोहमार्ग नगरवरून सुरू झाला आणि गिरणीचें थान अधिक सहज आंत येऊं लागलें. चिमटीनें पारख करण्याची संवय असलेल्या शेतकऱ्यासमोर तें आलें तेव्हां त्याच्या चिमटीनेंच त्याला दगा दिला. आजवर त्याच्या अनुभवांत जाडी सुताची असे. ही जाडी मातीची होती. पहिल्या एकदोन धुण्यांतच तिचा मोठा भाग पाण्याबरोबर जाई, आणि हातीं उरे तें विरळ विणीचें, कमकुवत सुताचें जाळें. १८८९ चा व्यापारी चिन्हांचा कायदा झाला, आणि थानावर त्याची लांबी यार्डांत छापलीच पाहिजे असें ठरलें. लांबीची चोरी थांबली असेल. परंतु थानांत कापूस किती आणि माती किती, हें कोठेंच छापावें लागत नव्हतें.

त्याच अमेरिकन युद्धांत जाडीची आणखी एक फसवणूक जगास कळली. इंग्लंडांत यॉर्कशायरच्या बॅटली गांवीं १८१३ च्या सुमारास जुन्या लोकरी चिंध्या फाडून त्यांचें पुन्हां सूत काढण्याची रीत निघाली होती. त्या मालाला शॉडी म्हणत. १८६१ मध्यें उत्तरेच्या सैन्यासाठीं घाईघाईनें जे गणवेश शिवले गेले त्यांत ही शॉडी सर्रास वापरली गेली. कापड दिसावयास जाड, उबदार, दमदार. पण फाडलेल्या चिंधीचा तंतु इतका तुटका कीं थोड्याच दिवसांच्या चालीनें व पावसानें गणवेश अंगावरच चिरफाळले. इंग्रजी भाषेंत 'शॉडी' या शब्दाला निकृष्ट हा अर्थ आला त्यांत या प्रकरणाचा वांटा मोठा आहे.

जाडी सरकारच्या कायद्यांतहि शिरली. १८७९ सालीं हिंदुस्थान सरकारनें ३० नंबरपर्यंतच्या जाड सुताच्या परदेशी कापडावरील जकात माफ केली; तात्काळ मँचेस्टरनें त्या मर्यादेखालचें कापड अधिक विणावयास घेतलें, आणि १८८२ सालीं सर्वच जकात उठली. १८९४ अखेर ती पुन्हां बसली, तेव्हां मँचेस्टरच्या समाधानासाठीं देशी गिरण्यांच्या २० नंबरवरील सुतावरहि शेंकडा ५ कर लादण्यांत आला. विसाच्या खालीं गरिबाचें, वर श्रीमंताचें, अशी जणूं कायद्याचीच रेघ. पण १८९६ सालीं तीहि पुसली गेली आणि देशी गिरणीच्या सर्व कापडावर, अगदीं जाड्याभरड्यावरहि, शेंकडा साडेतीन जकात आली. वस्तुतः जाड कापडांत लँकेशायरची आणि आपली फारशी स्पर्धाच नव्हती. गरिबाच्या धोतरावर बसलेल्या या कराविरुद्ध टिळकांनीं रान उठविलें आणि विलायती कापडाच्या बहिष्काराची भाषा महाराष्ट्रांत १९०५ च्या आधींच ऐकूं आली. हा कर हटण्यास १९२५ साल उजाडावें लागलें.

याच सुमारास जाड्याभरड्या वस्त्राला एक नवा अर्थ येऊं लागला होता. १८८८ सालीं पुण्यास ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सत्कारार्थ मेजवानी झाली; तिला महात्मा जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषांत, खांद्यावर घोंगडें टाकून गेले, आणि हिंदुस्थानची खरी प्रजा अशी दिसते हें त्यांनीं त्या राजपुत्रास सुनावलें. तेथें घोंगडें हें वस्त्र नव्हतें, साक्ष होती. पुढें खादीच्या चळवळींत तर जाडी ही निष्ठेचीच मोजणी होऊन बसली. आरंभींच्या खादीचें ओझें मिरविणारांनीं ती जितकी बोचेल तितकें पुण्य अधिक, असा ग्रह करून घेतला होता. चळवळीच्या जाणत्या मंडळींचें मत मात्र तसें नव्हतें. चरखा संघ १९२५ सालीं स्थापन झाला, आणि कांतलेल्या सुताची परीक्षा करतांना त्याचा अंक, त्याचा कस आणि त्याची समानता पाहण्याची पद्धति खादीच्या कामांत पडली. जाडी हा परीक्षेचा विषयच नव्हता. सूत जाड असो वा बारीक, त्यानें आपल्या अंकाला शोभेल इतकें वजन पेललें पाहिजे व तें सर्वत्र सारखें असलें पाहिजे. आंध्रांतील पोंदुरूची हातकताई खादी शंभर नंबरच्याहि पुढें जाते, आणि तिला कोणी बेगडी म्हटलेलें नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत, १९४३ सालीं, कापडावर नियंत्रण आलें आणि 'कंट्रोलचें कापड' घरोघर पोंचलें. तें जाड होतें, आणि ज्यांनीं तें नेसलें त्यांनीं त्याच्या जाडीबद्दल कधीं धन्यवाद दिल्याचें ऐकिवांत नाहीं.

मग टिकाऊपणा राहतो कशांत? आमच्या समजुतीप्रमाणें तो प्रथम तंतूंत, मग पिळांत, मग विणींत राहतो. आणि हीं तिन्हीं सारखीं असतील तरच जाडीला बोलण्याचा अधिकार येतो. एकाच कापसाचीं, एकाच पिळाचीं, सारख्याच दाट विणीचीं दोन कापडें घेतलीं, तर जाड कापड घासाला अधिक दिवस तोंड देईल, यांत शंका नाहीं. नांगर धरणाऱ्याच्या, ओझीं वाहणाऱ्याच्या अंगावर तें शोभतें व पुरतें. जुनी दोसुती याच न्यायानें चांगली: तींत दोन दोन धागे जोडीनें विणलेले, म्हणजे जाडी सुताच्या संख्येनें आलेली. परंतु पीळ फाजील झाला तर सूत ठिसूळ होतें, आणि वीण विरळ असली तर जाड सूतहि सरकून चिरतें. शिवाय जाड कापडाचे स्वतःचे कांहीं शत्रु आहेत. तें ताठ असतें, म्हणून घडीवर झिजतें. डेनिमच्या तुमानी गुडघ्याच्या मागें आणि खिशाच्या कडेला आधीं कां विरतात, याचें उत्तर येथें आहे. तें मळ धरतें, सहज सोडीत नाहीं. म्हणून धुण्याच्या दगडावर त्याला अधिक आपटावें लागतें, आणि अंगावर जितकें झिजत नाहीं तितकें तें दगडावर झिजतें. ज्या मुलखांत उन्हाळ्यांत पिण्याच्या पाण्यासाठीं टँकरची वाट पाहावी लागते, तेथें घागरींच्या हिशेबानेंहि जाड कापड महागच पडतें.

जाडीच्या बाजूनें कोणी अंबाजोगाईची दासोपंतांची पासोडी पुढें करील. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत व सतराव्याच्या आरंभीं होऊन गेलेल्या या संतकवीनें जाड कापडाच्या लांबलचक पटावर आपला ग्रंथ लिहिला आणि तो पट चारशें वर्षें टिकला, हें खरें. पण मिसर देशांतील प्रेतांना गुंडाळलेलें जवसाच्या धाग्याचें तलम वस्त्र तीन-चार हजार वर्षें टिकलें आहे. दोन्हीं वस्त्रें जपून ठेविलेलीं होतीं. कोणीं तीं नेसून शेतावर गेलें नव्हतें.

गिऱ्हाइकानें करावें काय, असें कोणी विचारील. जुन्या कापडवाल्यांच्या कांहीं रीति आम्हांस अजूनहि उपयुक्त वाटतात. कापडाचा कोपरा दोन्हीं हातांनीं जोरानें चोळावा. पूड झडली किंवा त्या जागीं कापड एकदम मऊ व विरळ झालें, तर जाडी खळीची आहे. थान उजेडासमोर धरावें. सुतांत गांठी आणि आळीपाळीनें जाड-बारीक पट्टे दिसले, तर तें बारीक जागींच तुटणार. एक धागा ओढून त्याचा पीळ उलगडावा आणि तंतु किती लांब निघतात तें पाहावें. ग्रॅम आणि औंस हे आंकडे खोटे नसतात. ते फक्त वजन सांगतात, आणि वजन कशाचें आहे हें सांगत नाहींत. पूर्वीं सूत कांतणारी बाई घरांत असे आणि विणणारा त्याच आळींत. कापडांत काय पडलें हें नेसणाऱ्याला विचारावें लागत नसे. हें नातें तुटल्यावर त्याच्यापाशीं पारखीचें एकच साधन उरलें, तें म्हणजे चिमटी. आणि तिलाच फसविण्यास गिरण्या प्रथम शिकल्या.

घोंगड्याचीहि आज तीच अवस्था आहे. शॉडीचा धंदा आतां हिंदुस्थानांत पानिपतला मोठ्या प्रमाणावर चालतो. तेथील ब्लँकेटें आणि त्यांचीं कृत्रिम धाग्यांचीं भावंडें नगर जिल्ह्याच्या आठवडे बाजारांत दोरीवर टांगलेलीं असतात. तीं मऊ असतात, रंगीत असतात, बोचत नाहींत, घोंगड्याहून जाड लागतात आणि त्याच्याहून पुष्कळ स्वस्त मिळतात. दुकानदाराला दोष देण्यांत अर्थ नाहीं. थंडीच्या दिवसांत त्याच्यापुढें उभ्या असलेल्या मजुराच्या खिशांत जितके पैसे आहेत तितक्यांत घोंगडें येतच नाहीं. इकडे मेंढ्या आतां मुख्यतः मांसासाठीं पाळल्या जातात, आणि त्यांची जात सुधारतांना लोकरीचा विचार कोणी करीत नाहीं. सणगरांच्या व खुटेकरांच्या घरीं खड्ड्याचे माग बुजले. मुलें दुसऱ्या कामाला लागलीं. लोकरीला कातरणाऱ्याच्या मजुरीइतकाहि भाव येत नाहीं. मेंढी मात्र कातरावीच लागते, नाहीं तर उन्हाळ्यांत तिला सोसत नाहीं. म्हणून धनगर ती कातरतो, आणि काळी लोकर, तींतील जावळासकट, बांधाच्या कडेला टाकून कळप पुढें हांकतो.